ठमी, वय सात

७ फेब्रुवारी

ठमे,

अकरा वर्षांनी तुला लिहायला बसले, तर पहिला अर्धा तास मायन्यातच गेला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोडाखोड केलेलं पत्र पाठवणं म्हणजे मळक्या पायांनी दुसऱ्याच्या घरात शिरणं. म्हणून दुसरा कागद घेतला आणि नुसती हाक लिहिली. पत्ता मावशीकडून मिळाला. कशाला हवा ते तिला सांगितलं नाही.

कामाचं तेवढं लिहिते. आईचं कपडे बेतण्याचं पुस्तक मी काढते आहे. छापील नाही, ई-पुस्तक. इंटरनेटवर पुस्तकांचं एक मोठं दुकान आहे. तिथे आपलं पुस्तक आपणच चढवायचं, प्रकाशकाच्या पाया पडावं लागत नाही. लोक फोनवर वाचतात. फक्त आधी त्या दुकानाने आपल्याला मंजुरी द्यावी लागते. बहात्तर तास लागतील असं लिहिलं होतं. आज एकोणिसावा दिवस आहे.

आई रोज विचारते, "काय म्हणतो तुझा दुकानदार?"

दुकान म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे गल्ल्यावर बसलेला कोणीतरी माणूस येतो. मी म्हणते, "बघतो म्हणाला."

"मी गिऱ्हाइकांना असं ताटकळवलं असतं, तर तुम्हा दोघींना उपाशी निजवावं लागलं असतं."

दोघींना, म्हणते अजून.

मजकूर मी टाइप केला. कुठून, असं तुझ्या मनात येईल. मूळ वही घरात नाही हे तुला मी सांगायला नको. पण ती वही लिहिताना मी प्रत्येक पानाखाली कार्बन ठेवत होते. ही सवय शाळेतली. ते कागद पेटीच्या तळाशी होते. त्यांची आता निळी भुतं झाली आहेत, भिंगाखाली धरली तरच बोलतात. एक्केचाळीस आराखडे, प्रत्येकाशेजारी मापं आणि खाली कृती. चार महिने लागले. काही किरकोळ दुरुस्त्या केल्या.

आई बरी आहे. तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला, बेतायचं टेबल होतं त्या जागी. तिला उजेड हवा असतो.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र नाही. मी वाट पाहत होते असं समजू नकोस. टपालपेटीत डोकावते ती विजेच्या बिलासाठी.

मंजुरीही नाही. ओळखपत्रावर माझं सासरचं नाव, बँकेत माहेरचं आणि पुस्तकावर आईचं. दुकान गोंधळलं. चारदा कागद परत आले. एकदा फोटोवर उजेड चमकला म्हणून, एकदा कोपरा कापला गेला म्हणून, दोनदा कशासाठी ते त्यांनी सांगितलंच नाही.

हे सगळं मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे बसून करते. जिन्याखालची जागा आहे तिची. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, आणि एक पंखा, जो कागद उडतात म्हणून कधीच लावत नाहीत. बाई चाळिशीची आहे, तोंडाने फटकळ. तीन नावं पाहून म्हणाली, "काकू, त्यांना वाटलं असेल तीन बायका मिळून एक खातं उघडतायत."

मी म्हटलं, "मग चुकलं काय त्यांचं?"

दर वेळी कागद परत आले की मी दुकानाला रीतसर पत्र लिहिते. 'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत, सिस्टरांनी शिकवलं तसं. आपल्या अमूल्य वेळातून, आपणास दिलेल्या तसदीबद्दल, सगळं. दोन मिनिटांत उत्तर येतं. प्रिय लेखक, आपला संदेश आम्हाला मिळाला आहे. प्रत्येक वेळी तेच.

"अहो काकू, पलीकडे माणूस नाहीये. मशीन आहे. मशीनला कसली तसदी?"

"मशीन असलं म्हणून काय झालं? सभ्यपणा आपला."

"तुमच्या सभ्यपणात माझा डबा गार होतो."

मग दुकानाला माझा चेहरा हवा झाला. कॅमेऱ्यासमोर बसा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. सरळ पाहा. हसू नका. हसायचा प्रश्नच नव्हता. मी वळले, आणि मला तू दिसलीस, स्टुलावर, नुसत्या शमीजमध्ये, हात बाजूला पसरून. आईच्या तोंडात टाचण्या. ओठाच्या एका कोपऱ्यातून बोलायची. "वळ. अजून. थांब."

"टोचतंय गं."

"फ्रॉकला टोचत नाही, तुलाच बरं टोचतं."

आईच्या शिवणक्लासच्या सातही बायका खडू हातात धरून हसायच्या. मी टेबलाच्या टोकाला बसून लिहायची. छाती तेवीस. मुंढा साडेपाच. उंची. घेर. तू उभी राहायचीस आणि मी लिहायची. आपलं बालपण एवढ्यात सांगून होतं.

दुसऱ्या क्लासांमध्ये छापील कोष्टकं असत. वय सात, छाती इतकी, कंबर इतकी. आईला ती चालायची नाहीत. "कोष्टकातली मुलगी मी अजून पाहिलेली नाही," म्हणायची. समोर जिवंत अंग उभं असल्याशिवाय तिने एकही आराखडा काढला नाही. बायकांच्या कोटांसाठी क्लासमधलीच कोणीतरी उभी राहायची. पण पोरींचे सगळे कपडे, चौथ्या वर्षाच्या झबल्यापासून एकोणिसाव्या वर्षाच्या गाऊनपर्यंत, तुझ्या अंगावर बेतले. वहीत प्रत्येक आराखड्यावर ती मला तसंच लिहायला सांगायची. ठमी, वय चार. ठमी, वय सात. ठमी, वय अकरा, एक खांदा किंचित उतरता.

मागच्या पत्रात किरकोळ दुरुस्त्या म्हटलं, ती दुरुस्ती इथली आहे. मी टाइप करताना 'मुलगी, वय सात' असं केलं. सगळीकडे. सव्वीस ठिकाणी. वाचणाऱ्याला ठमी कोण हे काय माहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

नर्स आता दिवसातून दोनदा येते, तेवढीच मला उसंत. आई बरी आहे.

ताई


१५ मार्च

ठमे,

खातं मंजूर झालं. छप्पन्न दिवसांनी. झेरॉक्सवालीने टाळ्या वाजवल्या आणि शेजारचा चष्मेवाला काय झालं म्हणून बाहेर आला. तिने त्याला सांगितलं, "आमच्या काकू लेखिका झाल्या." मी म्हटलं, लेखिका आई आहे. तो म्हणाला, "मग त्यांना चष्मा लागला तर पाठवा." त्याचंही बरोबर आहे.

लगेच पुस्तक चढवलं. फॉर्ममध्ये लेखक म्हणून आईचं नाव घातलं. संपादक म्हणून माझं. त्याखाली एक रकाना होता, या पुस्तकात आणखी कोणाचा सहभाग आहे का. झेरॉक्सवालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे चला.

आता पुस्तकाचं परीक्षण चालू आहे. पुन्हा बहात्तर तास. पुन्हा म्हणजे काय ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू म्हणशील, टाइप केलेली पानं दाखव की आईला, दुकानाची कशाला वाट पाहतेस. दाखवली. एकेक करून हातात दिली. तिने शेवटचं पान होईपर्यंत पाहिली आणि उशीशी ठेवून दिली. "हे तू टाइप केलेलं आहे. दुकानात लागलं की मला दाखव." मी म्हटलं, मजकूर तोच आहे, आई. "कापड बेतून टेबलावर ठेवलं म्हणजे फ्रॉक झाला का? गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला की फ्रॉक." मग दमली. एवढं सलग बोलली की हल्ली दमते.

आज सकाळी तिने विचारलं, "बंद तर नसेल ना दुकान?"

मी रोज दोनदा पाहते. सकाळी नर्स असताना आणि दुपारी. पडद्यावर एक पिवळा ठिपका असतो आणि त्यापुढे 'परीक्षण चालू आहे'. मी तो ठिपका पाहते, झेरॉक्सवाली मान हलवते, मी परत येते. येताना पाव घेते. आई आता पाव खात नाही, पण बेकरीवाला सवयीने दोन देतो आणि मी घेते.

आपल्या टेबलाने पलंगासाठी जागा करून दिल्यापासून ते मागच्या खोलीत उभं ठेवलं आहे. त्याच्या कडेवर तू कात्रीने कोरलेला माणूस अजून आहे. आईने तेव्हा तुला बदडलं होतं आणि नंतर क्लासच्या बायकांना कौतुकाने दाखवला होता. मला मात्र कधी...

जाऊ दे. कार्बनची पानं वाचून वाचून डोळे चुरचुरतात.

ताई


२९ मार्च

दुकानाचं पत्र आलं. आपल्या पुस्तकातला मजकूर इंटरनेटवर आधीपासून फुकट उपलब्ध असल्याचं आढळून आलं आहे. प्रकाशनाचे हक्क आपल्याकडे असल्याचा पुरावा पाच दिवसांत सादर करावा. तोपर्यंत परीक्षण थांबवण्यात येत आहे.

कोणाचं काम असेल, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. वही तुझ्या एकटीकडेच होती.

अकरा वर्षांपूर्वी त्या सोमवारी प्रकाशक घरी यायचा होता. तू शनिवारी गेलीस. सोमवारी मी त्याच्यासमोर कपाट उघडलं, आणि वरचा कप्पा रिकामा. तो बिचारा चहा घेऊन गेला. मी त्या दिवशी आईसमोर, मावशीसमोर आणि फोनवर तुझ्यासमोर जो शब्द वापरला, तो मागे घ्यावा का, असं गेले दोन महिने माझ्या मनात होतं. पत्रं त्यासाठीच लिहायला घेतली होती बहुतेक.

आता मागे घेत नाही.


८ एप्रिल

ठमे,

आधीचं पत्र फाडून टाक. माझ्याकडून ते पेटीत पडून गेलं होतं, काढता आलं नाही.

मी पाहिलं.

झेरॉक्सवालीने आईचं एक वाक्य शोधात घातलं. 'बाही जोडताना घाई करू नये, बाही रुसली की सबंध कपडा रुसतो.' तिला तेवढंच पाठ झालं होतं, माझ्याकडून ऐकून ऐकून. लगेच तुझं ते पान उघडलं.

किती साधं ठेवलं आहेस. पांढरं, वर आईचं नाव, बस्स. आणि खाली वहीच्या पानांचे फोटो. माझं अक्षर, ठमे. शाळकरी वयापासूनचं माझं अक्षर, निळ्या-काळ्या शाईतलं, उजवीकडे कललेलं. मी ते विसरले होते. कार्बनमध्ये अक्षर उतरतं, पण हात उतरत नाही. प्रत्येक फोटोखाली तू तेच पुन्हा टाइप केलं आहेस, वाचता यावं म्हणून. सगळ्या आराखड्यांवर जे होतं ते ठेवलं आहेस. ठमी, वय चार. ठमी, वय सात. उतरता खांदासुद्धा.

खाली कुठल्या कुठल्या बायका प्रश्न विचारतात. एकीची बाही ओढते, एकीच्या मुलीची पाठ बाकदार आहे. तू प्रत्येकीला उत्तर दिलं आहेस. मुंढा अर्धा इंच खाली घ्या. कापण्याआधी एकदा मुलीला उभं करून बघा. आईच बोलते आहे असं वाटलं. पहिलं उत्तर नऊ वर्षांपूर्वीचं आहे.

आणि अगदी वर, पहिल्याच पानावर, दोन ओळी. आराखडे आईचे. अक्षर माझ्या ताईचं.

झेरॉक्सवालीने विचारलं, "ही ताई म्हणजे तुम्हीच का हो काकू? काय अक्षर आहे!"

मी हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. तिने पंखा लावला. सगळे कागद उडाले आणि आम्ही दोघी ते गोळा करत बसलो.

तिचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि आईला दाखवलं. तिला आवडलं. पडद्याला बोट लागलं आणि पान वर सरकलं तेव्हा म्हणाली, "हे पळतंय गं." मी तिचं बोट धरून एकेक आराखडा थांबवून दाखवला. तुझ्या सातव्या वर्षाच्या फ्रॉकपाशी तिने बराच वेळ बोट तसंच ठेवलं. "हिने मला तीनदा उसवायला लावलं होतं," म्हणाली. "चुण्या नकोत म्हणे. जाड दिसते म्हणे. एवढीशी चिमटीभर पोर."

दुपारी पाणी पाजत होते तेव्हा आपणहून म्हणाली, "वही ठमीकडे दिली ते बरंच केलं मी. तुझ्याकडे असती तर कपाटातच राहिली असती."

मी पेला खाली ठेवला. विचारलं, "तू दिलीस?"

"मग कोणी? तिच्या बॅगेत मीच घातली, कपड्यांच्या मधे, कोपरे दुमडू नयेत म्हणून."

"मग मी तिला तसं बोलले, तेव्हा तू का नाही बोललीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते. "ती निघून गेली होती. तू मला सांभाळणार होतीस. तुला दुखवून कसं चाललं असतं?"

मग म्हणाली, पाणी गार आहे, कोमट कर.

मी कोमट केलं.

म्हणजे तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. फोनवर मी तो शब्द वापरला तेव्हाही. तू आईचं नाव घेतलं नाहीस. फोन ठेवलास फक्त.

मला यावर काहीतरी वाटायला हवं. अजून काही वाटत नाही. घरातली कामं करते आहे. नर्सने सांगितल्याप्रमाणे दर दोन तासांनी आईची कूस बदलते.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. आई बरी नाही. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, दोन महिने, फार तर तीन. तुला मुद्दाम लिहिलं नाही. पुस्तक आधी यावं आणि तू नंतर यावंस, असं माझ्या मनात होतं. तू येशील तेव्हा ते दुकानात लागलेलं असेल, आईच्या हातात असेल, आणि ते मी केलेलं असेल. दुकानाने बहात्तर तास म्हटलं होतं. मी तेवढाच हिशोब धरला होता.

निघता आलं तर नीघ.

ताई


२ मे

ठमे,

मावशीने कळवलंच आहे. अकरा तारखेला, सकाळी, नर्स दारात चपला काढत असताना. मी खिडकी उघडायला वळले होते.

माझं आठ तारखेचं पत्र तुला वीस तारखेला मिळालं, असं मावशी म्हणाली. तुझा फोन नंबर तिच्याकडे होता. मी मागितला असता तर तिने लगेच दिला असता. मी मागितला नाही, पत्र लिहिलं. तू मावशीशी फोनवर खूप वेळ बोललीस, रडलीस, आणि माझ्याशी बोलतेस का असं तिने विचारल्यावर नको म्हणालीस. बरोबर आहे.

मी रडले नाही. लोक माझ्याकडे बघत होते. चष्मेवालासुद्धा आला होता. पलंग भाड्याचा होता, तो माणसं येऊन घेऊन गेली. टेबल परत जागेवर आणलं. औषधं परत घेत नाहीत, हातमोज्यांचा बंद डबा मात्र नर्सने नेला, दुसरीकडे लागतात म्हणाली. झेरॉक्सवाली तीन दिवस डबा आणून देत होती. एकदा म्हणाली, "काकू, दुकानाला काय कळवू? परत विचारलंय त्यांनी." पाच दिवसांची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. त्यांनी दोन वाटा दिल्या होत्या. एक तर इंटरनेटवरचा मजकूर काढून टाकायला लावा, नाहीतर तो टाकणाऱ्याकडून लेखी आणा की हक्क तुमचे आहेत.

मी दोन्ही केलं नाही. शेवटचं पत्र लिहिलं. महोदय, सदर पुस्तक माझ्या धाकट्या बहिणीने नऊ वर्षांपूर्वीच प्रसिद्ध केलेलं आहे, ते वाचकांच्या उपयोगी पडत आहे. तरी माझा अर्ज मागे घेत आहे. तसदीबद्दल क्षमस्व. दोन मिनिटांत उत्तर आलं. प्रिय लेखक, आपलं प्रकरण बंद करण्यात आलं आहे. आमच्या सेवेविषयी आपलं समाधान किती, कृपया पाचपैकी तारे द्या. झेरॉक्सवाली म्हणाली, "एक द्या. एकसुद्धा देऊ नका." मी तीन दिले. त्यांच्याकडून वाईट असं काही झालं नव्हतं.

नंतर बसून माझ्या फाइलमध्ये 'मुलगी' काढलं आणि 'ठमी' घातलं, सव्वीस ठिकाणी. ती फाइल आता कुठे जाणार नाही. दुपार गेली.

अजून एक राहिलं आहे. ते मावशी तुला सांगू शकणार नाही, कारण तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

आईला तुझं पान दाखवलं, तिला आवडलं, एवढंच मी तुला लिहिलं होतं. ते सगळं झालं नव्हतं. तिने पहिलं विचारलं ते हे, "लागलं दुकानात?" मी हो म्हटलं. ती पानं पाहत राहिली, अक्षर ओळखलं, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "केलंस हो तू शेवटी. तूच केलंस ना हे?"

मी हो म्हटलं.

विचार करून म्हटलं नाही. तिने विचारलं आणि हो निघून गेलं. नंतर तीन दिवस होते माझ्याकडे. तीन दिवस ती अधूनमधून बोलत होती, पाणी मागत होती, वही तुला दिल्याचं तर तिने त्याच दुपारी सांगितलं, तू ती जपून मला पाठवलीस असं धरून. प्रत्येक वेळी मी म्हणू शकले असते, आई, ते ठमीने केलंय. रोज कूस बदलताना तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी यायचा. ती दर वेळी म्हणायची, "छान झालंय गं." आणि मी म्हणायची, "हं."

शेवटच्या दिवसापर्यंत तिला वाटलं, ते मी केलं. अकरा वर्षांपूर्वी तू न घेतलेल्या वहीसाठी मी तुला जो शब्द वापरला, तो आता कोणाला लागू होतो ते मला कळतं. शब्द मी इथे लिहीत नाही. तू ऐकलेला आहेस.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम घालायची माझी इच्छा नाही.

एक मात्र सांगते. तुझ्या पानावर आईचं नाव आहे, माझं अक्षर आहे, तुझी मापं आहेत. सगळं आहे. हे कोणी केलं, एवढंच कुठे नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. त्या बायका तुला नुसतं 'ताई' म्हणतात, तू त्यांना उत्तरं देतेस आणि खाली काही लिहीत नाहीस. आईने विचारलं तेव्हा तिथे तुझं नाव असतं, तर मला हो म्हणता आलं नसतं.

झेरॉक्सवाली परवा तुझं पान चष्मेवाल्याच्या बायकोला दाखवत होती. तिला मुलीचा फ्रॉक शिवायचा आहे. मला पाहून तिने विचारलं, "हे तुम्ही केलंय का हो?" मी छत्री विसरल्याचं निमित्त केलं आणि मागे फिरले.

पहिल्या पानावर तुझं नाव घाल. ठमी नको, पूर्ण नाव घाल, ठळक. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर माझ्या तोंडून काय निघेल, याचा मला भरवसा नाही.

ताई